गालावरचा पदर

मु. सावली. मंगळवार, संध्याकाळ.

चेहऱ्यावरचे डाग घालवायचं माझं ग्लायकोलिक ॲसिडचं सीरम घरातलं कोणीतरी वापरून राह्यलं आहे. मी तर रात्री दोन-तीनच थेंब लावते, मग बाटली अर्धी कशी झाली? पहिला संशय वहिनीवर. पण तिचा चेहरा होता तसाच आहे, मुरुमांसकट. मग कोण?

आज माय दिवसभर उन्हात धानाची रोपं लावून रोवण्यावरून आली अन् घरात आल्यावरही गालावरचा पदर काढेना. आपल्याच घरात पदर काऊन? भात वाढताना तो घसरला. वांगाचे डाग आधीपेक्षा काळे, अन् भवतालची कातडी लाल, सोलपटलेली.

"काय लावलं व माय?"

"काई नाई. ऊन लागलं." पदर पुन्हा गालावर.

साफ खोटं! मी बाटली आणून तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "हे लावल्यावर उन्हात जायचं नसते. डाग वाढतात. बाटलीवर लिहिलं आहे."

मायनं बाटली माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाली, "मंग रोवणा कोन करन, हे बी लिहिलं असन ना तिथी?"