वायफाय मी लावलं, बाबा

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मुद्दाम आठवावा लागतो. राग मात्र आठवावा लागत नाही. परवा शनिवारी तो आपणहून आला, आयर्लंडमधल्या नावन गावच्या या भाड्याच्या घरात, जिन्याखालच्या कपाटात मी गुडघ्यांवर बसले होते तेव्हा. या घरात आता मी, माझी लेक आणि नागपूरहून मदतीला आलेली आई अशा तिघी आहोत. नवऱ्याचं घर मी सोडलं. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. माझं ऑफिस डब्लिनला बॉल्सब्रिजमध्ये आहे. घरून काम करायची परवानगी मिळाली आहे, पण सोमवारी सकाळी लॅपटॉप चालू दिसला पाहिजे, या अटीवर. नाही चालला तर पहाटेची बस, आणि आई परत गेली की शाळेतून आलेल्या लेकीला दार उघडायला घरात कुणी नाही. म्हणून ते वायफाय लागणं भाग होतं. तुमच्या वेळी हे नव्हतं. एक डबा असतो, त्यातून घरभर बिनतारी इंटरनेट मिळतं.

माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही. तो फक्त म्हणायचा, "तू राहू दे, मी करतो." डब्लिनच्या टॅला भागातल्या आमच्या घरातलं सगळं त्याने केलेलं. माझा लॅपटॉप वायफायला त्याने जोडून दिलेला, पासवर्ड त्याच्या डोक्यात. मला ते प्रेम वाटायचं. मग एका भांडणानंतर सकाळी कामाला बसले तर लॅपटॉप जोडलाच जाईना. त्याने पासवर्ड बदलला होता. मी विचारलं, तर चहा पीत म्हणाला, "नीट माग, देतो ना." मी नीट मागितला, बाबा. मीटिंग सुरू व्हायची होती, म्हणून स्वतःच्या घरात, नोकरी करणारी बाई, मी नीट मागितला. त्याने दिला. मग दर भांडणानंतर तेच व्हायला लागलं. आणि त्या सगळ्या काळात मला त्याचा जितका राग आला, त्याहून जास्त तुमचा आला, कारण घरातल्या पुरुषाकडे उजेड मागायची सवय मला तुम्ही लावलीत.

तुम्ही विजेच्या ऑफिसात होतात. कॉलनीत कुणाचा फ्यूज गेला की "साहेबांना बोलवा" म्हणून लोक आपल्या दारात. तुम्ही स्टुलावर चढायचात, आणि मी खाली बॅटरी धरून उभी. "नीट धर. हात का हलतोय? लक्ष कुठंय तुझं?" माझं सगळं लहानपण मी तुम्हाला उजेड दाखवण्यात घालवलं, आणि त्या उजेडात तुम्ही काय करता ते एकदाही सांगितलं नाहीत. विचारलं तर म्हणायचात, "तुला काय करायचंय?" सातवीत होते तेव्हा इस्त्रीचा प्लग सैल झाला होता. मी तो सुरीच्या टोकाने उघडून बसले आहे, वायर पुन्हा स्क्रूखाली घालते आहे, जवळजवळ झालंच आहे, आणि तुम्ही येता. समोरच्या काकू दारात उभ्या आहेत. तुम्ही माझ्या हातातून इस्त्री ओढून घेता आणि त्यांच्यादेखत म्हणता, "हात भाजून घेतलास तर कोण करणार आहे तुझ्याशी लग्न?" काकू हसल्या. तुम्हीही हसलात. त्यानंतर मी घरातल्या कुठल्याच यंत्राला हात लावला नाही.

तर शनिवारी. इंटरनेट कंपनीचा माणूस आदल्या दिवशी डबा बसवून गेला होता. जाताना म्हणाला, "युवर हजबंड कॅन सॉर्ट द रेस्ट, यू'ल बी ग्रँड." म्हणजे बाकीचं नवरा बघेल, काळजी नको. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. बाकीचं मी करायला बसले. डबा कपाटात अगदी कोपऱ्यात, आणि पासवर्डचं लेबल त्याच्या बुडाला. आईला मोबाइलचा उजेड धरायला सांगितला. तिचा हात थरथरतो हल्ली. मला अक्षरं दिसेनात आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नीट धर ना. लक्ष कुठंय तुझं?"

आईने मोबाइल खाली केला. मग म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखी बोललीस." आणि तिथेच, कपाटात अर्धी वाकलेली, ती म्हणाली, "ह्यांना तरी कुठं काय येत होतं ग."

मला आधी कळलंच नाही. तिने सांगितलं ते असं: तुम्ही ऑफिसात रजेचे आणि बदल्यांचे कागद बघायचात. विजेचं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. स्टुलावर चढलात की तुमचे पाय कापायचे. आपल्या घरातला फ्यूज तुम्ही ऑफिसला गेल्यावर आईच बांधायची, कारण तिच्या माहेरी पिठाची गिरणी होती आणि मोटर बंद पडली की तीच हात घालायची. "शेजारचे बोलवायला आले की आदल्या वेळी काय केलं ते मी ह्यांना स्वयंपाकघरात हळूच सांगायची," ती म्हणाली. "मग जायचे."

"आणि मला का नाही शिकवलंस?"

"तुला शिकवलं असतं तर तू बोलली असतीस. ह्यांना समजलं असतं की ह्यांना येत नाही हे तुलाही माहीत आहे."

"म्हणजे त्यांची इज्जत राहावी म्हणून मी अडाणी राहायचं?"

"तेव्हा असं वाटलं नव्हतं ग."

मी तिला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. तिच्यावर ओरडले नाही, कारण ती रडायला लागली असती आणि मग समजूत मलाच काढावी लागली असती. पण तुम्हाला विचारते. तुम्हाला येत नव्हतं, हे एकदा म्हणाला असतात तर काय झालं असतं? आपण तिघांनी मिळून ती इस्त्री उघडली असती. तुमची भीती तुम्ही माझ्या हातावर ढकललीत. हात माझा हलत नव्हता, बाबा. स्टूल हलत होतं.

त्या रागातच काम झालं. लेबलवरचा पासवर्ड टाकला, लॅपटॉप जोडला गेला. जिन्याशेजारी उत्तम. वरच्या छोट्या खोलीत नेला, जिथे टेबल आहे, की सिग्नल गेला. पुन्हा खाली, पुन्हा वर. दार ओलांडलं की जातो. लेक जिन्यावर बसून बघत होती. "मम, इज इट ब्रोकन?" म्हणाली. मी म्हटलं, थांब. उघडा लॅपटॉप हातावर घेऊन मी एकेक पायरी चढले आणि सिग्नल कुठे मरतो ते बघितलं. त्या दाराशेजारच्या हॉट प्रेसपाशी. इथे जिन्यावरच्या कपाटात गरम पाण्याची मोठी तांब्याची टाकी असते, टॉवेल वाळवतात तिच्यावर. डबा आणि माझं टेबल यांच्या बरोबर मधे ती टाकी. मग लांब केबल आणली, भिंतीच्या कडेने वर नेली, खिळे ठोकले, डबा वर मांडला. नेटवर्कला नवं नाव दिलं, नवा पासवर्ड घातला. आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिला तो पासवर्ड सांगितला, लेकीलाही सांगितला. या घरात तो कुणाला मागावा लागणार नाही.

सोमवारी मीटिंग सुरळीत झाली. शेवटी ऑफिसमधली एक बाई, भली आहे, सहज म्हणाली, तुझं कनेक्शन फार छान आहे, कुणी लावून दिलं? मी म्हटलं, मीच लावलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून पुढचंही लिहून टाकते. तिने विचारलं, कुठे शिकलीस? आई शेजारीच भाजी निवडत बसली होती, तिला तेवढं इंग्रजी कळतं. आणि तिने इतकी वर्षं केलं तेच मी केलं; म्हणाले, माझ्या वडिलांनी शिकवलं.