मास्ट पेशींचा बंदोबस्त

३ मार्च
आजपासून रोज नोंद ठेवायची. खाडा नाही.
धाकट्या बहिणीचा घसा पुन्हा सुजला. सकाळी हॉस्पिटल, दुपारी घरी. मास्ट पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. हिचे पहारेकरी चोर सोडून घरच्यांनाच बडवतात. मी अठरा वर्षं नेमक्या याच पेशींवर काम करतोय. दुसऱ्या कुणाची गरज काय?

५ मार्च
तिला सोपं करून सांगितलं. पेशीच्या दारात घंटा वाजली की काइनेज नावाचं एक प्रथिन दुसऱ्यावर शिक्का मारतं, दुसरं तिसऱ्यावर. अशी फाइल सरकत केंद्रकात पोचली की सायटोकाइन, म्हणजे पेशींच्या आरोळ्या, तयार होतात, मग सूज. मधल्या एका कारकुनाला घरी बसवायचं, संपलं. तिने विचारलं, दादा, त्याला घरी कोण बसवणार? म्हटलं, मी.

८ मार्च
खाडा पडला. कामात होतो.

९ मार्च, दुपारी ४
लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर माझं औषध घातलं. सायटोकाइन निम्मेच घटले. डोस दहापट केला. भित्र्याने संशोधन करू नये.

११ मार्च
फत्ते! तपासणीच्या प्लेटमधल्या ज्या खळग्यात सायटोकाइन असेल तिथे पिवळा रंग येतो. औषध घातलेल्या एकाही खळग्यात पिवळा टिपूस नाही. शून्य!
लॅबमधल्या बाई वीस वर्षं पेशी वाढवतात, त्यामुळे स्वतःला पेशींची आई समजतात. म्हणाल्या, सर, निळा रंग घालून बघू या, मेलेल्या पेशी तेवढ्या निळ्या होतात. मी म्हणालो, बाई, शुभ बोला.

१२ मार्च
मोठ्या हॉस्पिटलात याच आजारावरच्या एका औषधाची चाचणी सुरू होतेय. एकच जागा उरलीय, सही पंधरा तारखेपर्यंत. धाकटीचे डॉक्टर मागे लागलेत. बायको म्हणते, करू दे ना तिला सही, तुझं काय जातं? बायकोला काइनेज कळत नाही.
धाकटीला म्हटलं, घरचा भाऊ असताना परक्यांचे प्रयोग कशाला? म्हणाली, तू म्हणशील तसं.

१५ मार्च
सही केली नाही. गुणी आहे.

१६ मार्च, सकाळी ११.३०
बाईंनी मला न विचारता निळा रंग घातला. मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. सगळ्या निळ्या.

११.४०
मायक्रोस्कोप बिघडलेला दिसतो.

१२.१०
शेजारच्या लॅबमधला आणला. तोही बिघडलेला.

दुपारी २
बाई म्हणाल्या, मेलेला माणूस ओरडत नाही, सर. म्हणून त्याचं दुखणं बरं झालं असं कुणी म्हणत नाही. उद्धट बाई. खरं बोलताना तर जास्तच.
डोस दहापट नको होता, हे आता कुणीही सांगेल.
हॉस्पिटलला फोन केला. जागा सकाळी दहालाच भरली. पलीकडची मुलगी म्हणाली, आम्ही काल संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.

१७ मार्च
धाकटीकडे गेलो. खरं ते सांगून टाकायचं, असं जिन्यात दोनदा ठरवलं. तिचा एक डोळा सुजून बंद झालेला. विचारलंन, प्रयोगाचं काय झालं? मी म्हणालो, पेशी एकदम शांत झाल्या. यात खोटं काहीच नाही.
किती दिवसांनी हसली. म्हणाली, मग मी कधीपासून घेऊ?
मी पाणी मागितलं. आणायला तीच उठली.