पॉडकास्टमधले सर

१० मार्च, सोमवार
ॲडमिशन सेलच्या मीटिंगमध्ये आज बॉम्ब टाकला. यंदा फलक-बिलक बंद. विद्यार्थ्यांचं पॉडकास्ट! पोरांनीच पोरांना युनिव्हर्सिटी सांगायची. डायरेक्टर म्हणाले, करा. (खरं म्हणजे 'करा काय करायचं ते' म्हणाले. अर्थ तोच.)
संकल्प: मी मध्ये बोलणार नाही.

१३ मार्च, गुरुवार
पहिलं रेकॉर्डिंग. स्टुडिओ म्हणजे जुनी झेरॉक्सची खोली, खिडकीला सतरंजी. बी.एस्सी.ची क्रांती आणि मेकॅनिकलचा राजवीर. क्रांतीला होस्टेलबद्दल विचारलं, तर म्हणे पहिला महिनाभर रडत होते. कट करावं लागलं. मग होस्टेलबद्दल मीच बोललो. लायब्ररी, जिम, प्लेसमेंटबद्दलही. पोरं मोजकं पण नेमकं बोलली.

१९ मार्च, बुधवार
अकरा जणांनी ऐकलं. त्यातले पाच जण मी. पण क्वालिटी ऑडियन्स आहे.
सौ.ला लिंक पाठवली. नातवाला सांभाळायला ती पंधरा दिवसांसाठी लेकीकडे, संयोगिताकडे पुण्याला गेली, त्याला मध्ये एक दिवाळी होऊन गेली. तिनं अंगठा पाठवला. ऐकल्याशिवाय कोणी अंगठा पाठवत नाही.

१ एप्रिल, मंगळवार, रात्री
पोरांना पॉडकास्टचं वेडच लागलंय. रेकॉर्डिंग नसलं तरी रोज कोणीतरी येऊन बसतं. आज निशिगंधा. काय काम काढलंस विचारलं, तर म्हणाली, काय न्हाय सर, सहजच. तिला माझ्या कॉलेजचे किस्से सांगितले. अंधार पडेपर्यंत हलली नाही. पोरांशी असं नातं स्टाफमध्ये दुसऱ्या कोणाला जमायचं नाही.
घरी येऊन कालची आमटी गरम केली. मुरलेली आमटी चांगली लागते.

१२ एप्रिल, शनिवार
जोतिबाची यात्रा. कॅम्पसवर चिटपाखरू नाही. मी आलो. एडिटिंग साचलं होतं. म्हणजे नव्हतं, पण साचू शकलं असतं. शेवटी माझीच मुलाखत मी घेतली. प्रश्न उत्तम होते.

६ मे
बारावीचा निकाल लागला. आता धडाधड फोन येणार. फोन चालू आहे का, हे शिपाई जोतीरामकडून दोनदा बघून घेतलं. चालू आहे.

२० मे, मंगळवार
पोरांनी मला न विचारता कँटीनमध्ये मोबाईलवर एपिसोड केला. मागे भांड्यांचा खडखडाट. आणि तोच व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतोय! डायरेक्टर खूश. तांत्रिक चुका काढायला म्हणून ऐकला.
राजवीर विचारतो, हितं चांगलं काय हाय? क्रांती म्हणते, "हितं कोण एकटं पडत न्हाय बघ. आमचं एक सर हायत. मॅडम पुण्याला. सांजचं घराकडं त्यांचा पायच निघत न्हाय. मग आम्ही नंबर लावल्यात. रोज एकानं जाऊन बसायचं. त्येच किस्से, पण बसायचं."
आवाज खालीवर होतो. बाकी काही टिपलं नाही.

२१ मे
संकल्प: उद्यापासून पाचला घरी.

२२ मे
पाचला घरी. मग सहा वाजले. मग सात.

१० जून, मंगळवार
प्रवेशाची झुंबड. शाहूवाडीचे बाबासो म्हणून एक गृहस्थ मुलीला, दीक्षाला, घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "पोरीला एकटीला ठेवायचं भ्या वाटत हुतं सायेब. पर ते मोबाईलवरचं ऐकलं. जितं पोरं म्हाताऱ्या मास्तरला एकटं सोडत न्हाईत, तितं माझी पोरगी एकटी पडायची न्हाय."
मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "कुठं हायत ते सर? जरा भेटलो असतो की."
मी म्हटलं, रजेवर आहेत.
दीक्षाचा प्रवेश पक्का केला. जाताना तिनं मला नमस्कार केला.
संध्याकाळी राजवीर दारात. सहजच आलो म्हणाला. मी म्हटलं, आज काम आहे, जा तू. वाटलं, थोडा आग्रह करेल.
बरं सर म्हणाला आणि गेला.