मोकळं हाय का?

औंढा नागनाथ
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय नचिदादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीक असावं असं मी तेहतीस वर्षं परस्पर धरून चाललोय, आजही तसंच धरतो.

आधी माझं गाऱ्हाणं नोंदवून घे. या घरात सध्या माझ्या सहा चपला आहेत आणि सहाच्या सहा उजव्या पायाच्या आहेत. डावी औषधालाही शिल्लक नाही. एका साप्ताहिकाचा सदरलेखक, ज्याच्या लेखणीला निम्मा तालुका वचकून असतो, तो परवा लग्नाच्या पंगतीत एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात बायकोची जांभळी स्लिपर घालून बसला. सरला म्हणते, "उजव्या विकून टाका. एका पायाचं गिऱ्हाईक औंढ्यात सापडेलच कोणीतरी."

आरोपीचं नाव कस्तुरी. वय सोळा महिने, जात लॅब्रॅडॉर, रंग गुळाच्या पाकाचा. ती आमची नाही. पुण्याची एक संस्था दृष्टिहीन माणसांसाठी वाट दाखवणारी कुत्री तयार करते. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की एखाद्या घरात ठेवतात. त्या घरानं त्याला सव्वा वर्ष वाढवायचं, माणसांत, गर्दीत, जिन्यांवर फिरवायचं आणि परत करायचं. पुढचं पक्कं शिक्षण संस्था देते. थोडक्यात, लेक वाढवून सासरी धाडावी तसं. सासरचे आधी पारखून घेतात, तेही तसंच.

कस्तुरी हुशार आहे. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कापसाच्या गाड्या, भज्यांच्या कढया आणि शिंगाला शिंग लावून उभे असलेले दोन बैल यांच्यामधून तिनं मला असं नेलं, की मलाच माझा आदर वाटला. वारंगा फाट्यावर ट्रकनं कानाशी भोंगा वाजवला तेव्हा मी दचकलो, ती नाही.

एकच घोटाळा झाला. संस्थेचे हुकूम इंग्रजीत. 'फॉरवर्ड' म्हटलं की निघायचं. पण शेजारच्या जिवनबाई दिवसभर तिच्याशी गप्पा मारतात, तिला कस्तुराबाई म्हणतात, आणि दर वाक्यामागं "व्हय बाई, व्हय" करत भाकरीचा तुकडा पुढं धरतात. तुकड्यासाठी कस्तुरी पुढं जाते. आता माझ्या 'फॉरवर्ड'कडे ती ढुंकून पाहत नाही. 'व्हय' म्हटलं की चालायला लागते.

तू हसला असशील. किंवा नसशीलही.

व्यंकटरावांच्या घरामागची गल्ली तुला आठवत असेल. आता तिथं सिमेंटचा रस्ता आहे, तळहातासारखा सपाट. पोळ्यापासून कस्तुरी त्या गल्लीत एका जागी थांबते. रोज, दिवेलागणीला. व्यंकटरावांच्या मागच्या दारापासून अकरा पावलं, भिंतीला चिंच घासते तिथं. बसत नाही, भुंकत नाही. माझ्या नडग्यांना आडवी होऊन उभी राहते आणि वर माझ्या तोंडाकडं पाहते. पुढं काय आहे ते ती पाहतच नाही. मी "व्हय" म्हणतो. ती हलत नाही. जिथं 'व्हय' चालत नाही अशी औंढ्यात तेवढी एकच जागा आहे.

जिवनबाईंनी ओट्यावरून विचारलं, "अनिरुद्धराव, काहून थांबून राहिली हो ती? कोन हाय का तिथं?"

"कोणी नाही."

"मंग ती कोनाला जागा करून देऊन राहिली?"

मी सदरात याच्यावर काही लिहिलेलं नाही. एरवी मी शेजाऱ्याच्या शिंकेवरही सहाशे शब्द लिहितो.

संस्थेच्या शिवकन्या मॅडम गेल्या सोमवारी येऊन गेल्या. वसमतकडच्या आहेत, स्वभाव फूटपट्टीसारखा. त्यांनी तो प्रकार तीनदा पाहिला. सिमेंटवर पाय आपटून पाहिला, भिंत पाहिली, नाली पाहिली. मग म्हणाल्या, "धोका असेल तर हुकूम मोडायचा, हे आम्ही शेवटच्या सहा महिन्यांत शिकवतो. हिला तुम्ही शिकवलं का?"

"मला स्वतःलाच हुकूम मोडता येत नाही, मॅडम. सरलाला विचारा."

त्या हसल्या नाहीत. "धोका असून थांबली तर ती जीव वाचवते. धोका नसताना थांबली तर माणसाला रस्त्याच्या मधोमध उभं करते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी परत येते. हेच असेल तर हिला यादीतून काढावं लागेल." जाताना सांगून गेल्या, की मी डोळ्यांना पट्टी बांधून तिच्यासोबत चालून बघावं, म्हणजे तिला काय जाणवतं ते मला कळेल.

मी ते केलं. मंगळवारी, मफलर बांधून. कस्तुरी डावीकडं, तिचा पट्टा माझ्या हातात. अकरा पावलं मोजली. ती आडवी झाली. मी "व्हय" म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात आला.

मी पेपरात लिहितो, मला थोडी अब्रू आहे, म्हणून जेवढं झालं तेवढंच सांगतो. हात होता. जड नव्हता. अंगठा मागं, चार बोटं पुढं, करंगळी कॉलरच्या शिवणीवर. मफलर काढला तेव्हा गल्लीत मी आणि कुत्री. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. मेलेल्या माणसाचा असता तर मी नागनाथाला अभिषेक करून मोकळा झालो असतो. पण तू जिवंत आहेस, पुण्यात आहेस, बँकेत आहेस. आणि तो हात एकोणीस वर्षांच्या पोराचा आहे.

हे पत्र तुला जाई वाचून दाखवत असेल. जाई बाळ, तुझा आवाज इथं हळू झाला असेल. होऊ देऊ नकोस. आता मोठ्यानं वाच.

तुझ्या बाबांची नजर लहानपणापासून संध्याकाळी जायची. घरात सांगितलं असतं तर बंडोपंत काकांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, त्याला कॉलेजला परभणीला पाठवलं नसतं, म्हणून ते फक्त मला माहीत होतं. दिवस कलला की तो माझ्या मागं चालायचा, हात माझ्या उजव्या खांद्यावर. आमची सगळी यंत्रणा दोन शब्दांची. तो विचारायचा, "मोकळं हाय का?" मी म्हणायचो, "व्हय" किंवा "न्हाई". घरात आम्ही असं बोललो असतो तर काकांनी कान उपटले असते. ती गल्लीतली भाषा होती, आमची दोघांची.

मी सतरा वर्षांचा होतो. रतनसिंग आणि बाकीची पोरं मला 'काठी' म्हणायला लागली होती. "आली बघा काठी." त्या दिवशी चारदा म्हणाली. व्यंकटरावांकडं संडासाचा खड्डा खणून राहिले होते. आदल्या दिवशी मी पाहिला तेव्हा गुडघाभर होता. दादा थोडा धडपडावा, पोरांनी हसावं, आणि उद्यापासून त्यानं दुसरी काठी शोधावी, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

त्यानं विचारलं, "मोकळं हाय का?"

मी बाजूला झालो आणि म्हणालो, "व्हय."

त्या एका दिवसात खड्डा पुरुषभर झाला होता. खाली दगड होते. डावा पाय, जाई, जो तुझे बाबा अजून ओढतात. काका ओरडत आले, "आंधळा आहेस का?" आणि मग ते सगळ्यांनाच कळलं. कॉलेज सुटलं. काकांनी त्याला आत्याकडं पुण्याला नेऊन ठेवलं, तो परत आला नाही. तुला त्यानं काय सांगितलंय ते तू दिवाळीच्या फोनवर मला सांगितलंस. "बाबा घाईत होते, अन्याकाका ओरडले पण बाबांनी ऐकलं नाही." काकांनाही त्यानं तेच सांगितलं. काका ते खरं मानून गेले. मी तिथंच उभा होतो, त्याच्या उशाशी, आणि गप्प होतो.

दादा, जाईशी मी तुझ्या चोरून बोलतो, तिला रागावू नकोस. तुझं नाव संस्थेच्या यादीत आहे आणि पिल्लांसाठी घरं हवी आहेत, हे तिच्याकडून कळलं त्याच दिवशी मी फॉर्म भरला. सरलाला सांगितलं, सदराला विषय मिळेल. कोणतं कुत्रं कोणाला, ते संस्था ठरवते. पण एक बाद झालं की यादी तेवढी लांबते, आणि जूनमध्ये तू जिन्यावरून पडलास हेही मला कळलंय.

म्हणून आता उठतो. दिवे लागायला आलेत.

*

जाऊन आलो.

कस्तुरी थांबली. हात आला. आज मी घाई केली नाही. विचारलेलं मला ऐकू आलं असं म्हणणार नाही, पण उत्तराला जेवढी जागा ठेवतात तेवढी शांतता होती. मी म्हणालो, फार मोठ्यानं नाही, "न्हाई, दादा. थांब. पुढं खड्डा हाय."

'न्हाई' हा शब्द मी तिला कधी शिकवलेला नाही. माझ्या तोंडात तो कुत्र्यासाठीही येत नव्हता.

कस्तुरी वळली. भिंतीकडं तीन पावलं, मग पुढं, मग परत मधे. सपाट सिमेंटवरून, कशाच्या तरी कडेकडेनं. मी तिच्यामागं, खांद्यावरचा हात माझ्यामागं. कड संपली तेव्हा खांद्यावर दोन थापा पडल्या, घराचं दार आलं की तू मारायचास तशा. मग खांदा नुसता खांदा राहिला.

मफलर काढला. जिवनबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि काही विचारलं नाही. पंचवीस वर्षांत हे पहिल्यांदा.

येताना "व्हय" म्हणालो. ती त्याच जागेवरून सरळ चालत घरी आली. गुरुवारी मॅडम येतील, त्यांनाही हेच दिसेल.

तुझ्याकडं ही येईल की दुसरी, मला ठाऊक नाही. कोणीही येवो, ती थांबली तर तू थांब. तिला खोटं बोलता येत नाही. तेवढं मी शिकवलेलं नाही.

तुझ्या हाताखालचा,
अन्या