एका दोरीवरची दोन पागोटी

जुन्नर, चैत्र वद्य २, शके १८२९
चि. दत्तू मुंबईच्या गिरणीतून आला. रंगखात्यात आहे. बहिणीच्या, ठकीच्या, लग्नाला आला, पण आधी पिशवीतून काढला तो पत्र्याचा डबा. म्हणे कोळशाच्या डांबरापासून केलेला लाल! पोट धरून हसलो. "आबा, तुमच्या मंजिष्ठेच्या मुळात जो रंग हाय, त्याचा ह्यो चुलत भाऊ." चुलत भावांचं आमच्या घराण्यात कधी पटलंय?

वद्य ४
कळंबच्या व्याह्यांचा निरोप. लग्नातलं मानाचं पागोटं मुळाच्याच लालाचं हवं, डब्याचा रंग डोक्यावर घेणार नाहीत. शब्द दिला. त्यांचं पागोटं मुळांत पडून आठ दिवस झालेच आहेत. दत्तूनं त्याच ताग्यातलं दुसरं, स्वतःसाठी, डब्याच्या रंगात घातलं. पाणी नदीचं, गोड. त्या पाण्यात लाल बसत नाही, हे मी मुद्दाम सांगितलं नाही.

वद्य ५
दत्तूचा लाल मळका, विटकरी. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण संध्याकाळी पोराचं तोंड बघवेना. त्याहून ते कापड बघवेना. म्हणालो, "अरं, आपल्या खाऱ्या हिरीचं पानी घे. त्यात डाळ शिजत नाय, पन लाल शिजतो." त्यानं कपाळावर हात मारला. "चुना! पान्यातला चुना लागतो त्याला, आबा!"
म्हणजे तीस वर्षं मी चुना वापरतोय, आणि मलाच पत्ता नाही.

वद्य ७
खाऱ्या पाण्यात दत्तूच्या पागोट्याला काय लाल आलाय! दोन्ही पागोटी एकाच दोरीवर वाळत घातली. चार वेळा जाऊन पाहिलं. जळलोही, आणि नाचावंसंही वाटलं. ह्या वयात.

वैशाख शु. २
घोटाळा. ठकीच्या आईनं दोन्ही पागोटी घडी घालून, वाळ्याची जुडी ठेवून, एकाच पेटीत टाकली. मुळाच्या लालाला वास असतो, त्यावर भिस्त होती. आता दोन्हींना वाळ्याचाच. उन्हात धरली, चोळली, दाताखालीसुद्धा... छे. ही म्हणते, "तीस वर्सं रंगारी, आन् आपलंच लेकरू वळखंना!" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. उद्या लग्न.

शु. ३
लग्न लागलं. ठकी लई गोड दिसत होती. डोळे मिटून एक पागोटं उचललं, व्याह्यांना दिलं. दुसरं दत्तूनं बांधलं. भर मांडवात व्याही म्हणाले, "ह्याला म्हन्त्यात मुळाचा लाल! मी लांबून वळखतो, राव." दत्तूला ठसका लागला.

शु. ५
दत्तू म्हणतो, त्याच्या पागोट्यावर तेजाबाचा एक थेंब टाकला की कळेल, तेवढी जागा मात्र जळेल. शब्द दिलाय, कळायला हवं. बाटली फडताळातून दोनदा काढली, दोनदा ठेवली.
मुंबईला निघताना त्यानं पागोटं माझ्या हातात दिलं. "तुमीच बांधा, आबा."
बांधलं. वेशीपर्यंत पोचवायला गेलो. ऊन रणरणतं होतं, कपाळावरून घाम गळत होता, पण घरी येईपर्यंत डोक्यावरून काढलं नाही.