जुन्या अभ्यासक्रमाच्या चौघी

बाई, आज ऑफिसात आमचा जुना गेम बंद करायची तारीख ठरली आणि ती ठरवणाऱ्यांत मी होते. तुम्ही होतात तेव्हा मोबाईलवर साप फिरायचा, तेवढाच काय तो गेम तुम्ही पाहिलात, तोही नाक मुरडून. आता माझं पोट त्यावरच चालतं, अंधेरीला. आमच्या गेममध्ये माणूस वाडी लावतो. आंबा, फणस, सुपारी, कडेला विहीर. रोज पाणी घालायचं, शेजाऱ्याच्या वाडीत डोकावायचं. दहाएक वर्षं लोक हे करताहेत. आता त्यात एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं मोडतं. मध्येच कुणाची तरी विहीर आटते, ती आमचीच चूक असते. नवीन माणसं येत नाहीत. म्हणून दुसरा भाग केला आणि तो झकास झालाय, खोटं कशाला बोलू. प्रश्न एवढाच की जुना कधी मोडायचा. घाई केली तर लोक चिडून जातात, रेंगाळलं तर माणसं दोन्हीकडे अर्धी अर्धी आणि दोन्ही घरं आपणच चालवायची. जुनी वाडी नव्यात नेता येत नाही, पुन्हा बी पेरण्यापासून सुरुवात. गोवंडीच्या एक ताई आम्हाला सारखं लिहितात. त्यांच्या जुन्या फोनवर नवा भाग चढतच नाही. माझी झाडं तिकडे येतील का, असं विचारतात. आमच्यातला एक तरुण सहकारी म्हणाला, "जुनं चालू ठेवलं तर नव्यात कोण येणार यार? बंद करून टाका ना, येतील झक मारत." सगळे हसले आणि मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

दहावीला आम्ही चौघी गणितात नापास झालो आणि त्याच वर्षी पुस्तक बदललं. जुन्या पुस्तकावर परीक्षा द्यायच्या आणखी दोन संधी बोर्डाने दिल्या, पण शाळेत जुनं शिकवायला कोणी उरलं नव्हतं. तुम्हीही वर्गात नवंच शिकवत होतात आणि रविवारी आम्हाला विक्रोळीच्या घरी बोलवायचात. मी ओट्याशेजारी जमिनीवर बसलेय. तुम्ही बांगडे साफ करताय. हाताला वास म्हणून वहीला हात लावत नाही, चूक कोपराने दाखवता आणि पानावर ओलसर डाग पडतो. एकदा मी चुलतभावाचं नवं पुस्तक आणलं, त्यातली गणितं सोपी वाटली म्हणून. "ते मिटव आधी. हे कोण पुरं करणार?" असं तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की मला रडू आलं, आणि रडतरडतच मी तेच गणित पुन्हा केलं. एका रविवारी मुख्याध्यापिका घरी आल्या. या मुलींना नव्यातच बसवा, तुमचाही त्रास वाचेल, असं समजावत राहिल्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पुस्तक बदला की. कोण नको म्हणतंय? पण ह्यांचं अर्धं झालंय, ते बघायला कोणीतरी हवं ना?"

पहिल्या संधीत दोघी सुटल्या, दुसरीत मी. चौथी, जिला तुम्ही सगळ्यात जवळ बसवायचात, ती राहिली. नवं पुस्तक पहिल्यापासून सुरू करूया, असं तुम्ही तिला सांगितलंत. ती पुढच्या रविवारी आलीच नाही. तुम्ही तिच्या घरीही जाऊन आलात. मी पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही पेढा हातात धरून बसलात, खाल्ला नाहीत. मला तुमचा फार राग आला होता, आता येत नाही.

आज मी मीटिंगमध्ये भांडले. लगेच मोडू नका, दिवाळीपर्यंत चालू द्या, लोकांना हातातलं पुरं करू द्या म्हटलं. तेवढं ऐकलं त्यांनी. मनात आलं, बाई असत्या तर खूश झाल्या असत्या. मग साहेबांनी विचारलं, तोवर जुन्यावर कोण थांबणार? बिघडलं तर बघायला? जो थांबेल त्याला नंतर नव्या भागात जागा मिळेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण ते जुनं आता फक्त मलाच कळतं. मी बाटलीतलं पाणी प्यायले, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी जुन्यावर कोणीच नाही असं ठरलं.

हे पाठवायचं कुठे? तुमच्या त्या खोलीत आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. संध्याकाळी गोवंडीच्या ताईंना कळवलं की दिवाळीपर्यंत वेळ आहे. त्यांनी आभार मानले आणि लगेच विचारलं की माझी विहीर आटलीय, ती कोण बघणार? त्यांचा निरोप तसाच ठेवून मी हे लिहायला बसले. ती विहीर मला दुरुस्त करता येते, बाई.