दान दिलेली छत्री

अहो,

तुमच्याशी भांडायला दुसरी जागाच ठेवली नाहीत, म्हणून लिहितेय. उद्या सकाळी सोसायटीतली पोरं तुमचा दरवर्षीचा खजिन्याचा खेळ खेळायला जमणार आणि शेवटची चिठ्ठी घरात नाही!

तुम्ही गेल्यावर मी म्हटलं होतं, यंदा राहू दे. पण खालची ईरा दारात येऊन विचारते, "आजी, आजोबांनी चिठ्ठ्या लपवल्यात ना? मग त्या तशाच राहणार?" हो म्हणून बसले.

यंदाच्या खेळाचा विषय तुमचे ते पतंगवाले साहेब. वादळात पतंग उडवून वीज ओळखणारे. नाव तुम्ही हजारदा सांगितलंत, माझ्या जिभेवर काही बसलं नाही. आज म्हटलं, एकदा सगळं नजरेखालून घालावं. पतंग गच्चीच्या दाराशी सापडला, साहेबांनी पतंगाच्या दोरीला बांधली होती तशी किल्ली वॉचमनकडे, आणि साहेबांनीच शोधून काढलेला तो दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारा चष्मा क्लबहाउसच्या कपाटात. चष्म्याच्या घरातली चिठ्ठी म्हणते, "साहेब भिजले. तुम्ही भिजू नका, आजोबांची नवी छत्री उघडा."

छत्री! अहो, ती तेराव्याला गुरुजींना दिली! छत्री आणि जोडे दान द्यायचे होते. तुमचे बंधुराज म्हणाले, "घरात कोरी करकरीत छत्री आहे, लेबलसुद्धा निघालेलं नाही, बाजारात कशाला जायचं?" घराण्याची काटकसर, दुसरं काय! मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर? पण नाही, बायकोला सांगितलं की खेळ फुटतो ना!

दिलेलं दान परत कसं मागायचं? तेही तुमच्या नावानं दिलेलं. तिकडे तुमचं काही अडलं म्हणजे? सकाळपासून फोन हातात घेतेय आणि खाली ठेवतेय. थांबा, करतेच.

केला. गुरुजी कात्रजला घरीच होते. म्हणाले, "काकू, दान परत मागू नये. पण चिठ्ठी काही मला दान दिलेली नाही. वाचून दाखवतो." छत्रीच्या काडीला बांधलेली होती म्हणे. तुम्ही लिहिलंय, "साहेबांनी पतंग उडवला तेव्हा मदतीला त्यांचा मुलगा होता. नाव मात्र एकट्या साहेबांचं झालं. आपल्या खेळात असं कोण आहे? खजिना तिच्याकडे मागा."

मी गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं.

म्हणजे मी! दरवर्षी पोरांचा खाऊ करणारी. पण अहो, माझ्याकडे काय आहे? कपाट, माळा, देवघर सगळं उपसलं. काही म्हणजे काही नाही. खेळाच्या आदल्या दिवशी सांगणार होतात ना? "उद्या पोरांसाठी काहीतरी कर गं," असं? तेवढंही थांबला नाहीत. राग येतोय तुमचा, आणि रडूही आवरत नाहीये.

आता खजिन्यासाठी बेसन भाजायला घेतेय. लाडू बसले तर बसले! उद्या पोरं येतील तेव्हा सुनेला पुढे करणार नाही, दार मीच उघडीन. त्यांनी विचारलं, "हे आजोबांनी ठेवलंय?" तर खोटं नाही बोलणार. सांगेन, त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, मला सांगायचं तेवढं राहून गेलं.

तुमचीच,
सुमन